दाभोळचं दार

जुन्या इमारतींची नोंद करायचं माझं काम. रत्नागिरीच्या आसपासची गावं पालथी घालायची, फीत लावून मोजायचं, फोटो काढायचे आणि वास्तू साधारण कधीची, ते ठरवायचं. मोजणं मला चांगलं जमतं. ठरवण्याच्या बाबतीत मात्र पावस गावात मी जी गोंधळले, ती अजून पुरती सावरलेली नाही.

पावसच्या जरा बाहेर एका कलमांच्या बागेत जांभ्या चिऱ्याची जुनी वखार आहे. मी गेले तेव्हा आत पेंढ्यावर आंबे पिकत घातले होते आणि वासाने डोकं जड होत होतं. मालक म्हणजे बोटीवरची नोकरी संपवून घरी आलेले एक काका. भिंतींचं काम पटकन उरकलं. दाराशी मात्र मी थबकले. आंबे ठेवायच्या वखारीला शोभणार नाही इतकं ते नक्षीदार होतं. शिवाय चौकट भिंतीत नीट बसत नव्हती. डावीकडे वीतभर फट राहिली होती, ती चुना आणि चिऱ्याच्या कपच्यांनी बुजवली होती.

"काका, हे दार इथलंच का?"

"मग कुठलं? वडिलांनी सुतार बोलावून करून घेतलं. ह्या समोरच्या फणसाखाली."

"काहीतरीच सांगू नका तिला," आतून आवाज आला. काकी पेंढ्यात बसून पिकलेले आंबे वेगळे काढत होत्या. त्या हात पुसत बाहेर आल्या. "दार दाभोळचं आहे गो. माझ्या शाळेचं."

काकींचं माहेर दाभोळ. त्यांची शाळा धक्क्याजवळ एका व्यापाऱ्याच्या जुन्या घरात भरायची. पुढे ते घर पाडलं आणि लाकूडसामान विकलं. बऱ्याच वर्षांनी लग्न होऊन त्या पावसला आल्या, सासूबाईंबरोबर पहिल्यांदा वखारीत गेल्या, आणि समोर हे दार.

"मी मटकन खालीच बसले. सासूबाईंना वाटलं, ऊन लागलं हिला."

त्यांनी मला दाराचा खालचा कोपरा दाखवला. तिथे टोकदार कशाने तरी ओरखडून शिडाची होडी काढलेली होती. "ही मी नि माझ्या मैत्रिणीने काढलीय. करकटकाने. मार पण खाल्ला."

"ती माझ्या भावाने काढली," काका म्हणाले. "लग्न झाल्यापासून हिचं हेच चाललंय."

दोघंही मला समजावत नव्हती, एकमेकांशीच भांडत होती, आणि तेही सवयीने. मी मधे उभी. फट बघितली तर काकींचं खरं वाटायचं. पण अंदाज चुकला की गवंडी अशी फट बुजवतातच. होडी तर कोकणातलं कुठलंही मूल काढील.

शेवटी मी दाभोळला गेले. जयगडला फेरीबोट, पुढे धोपाव्याला दुसरी. काकींचे धाकटे भाऊ अजून तिथेच राहतात. त्यांनी मला शाळेची जागा दाखवली. जोतंसुद्धा उरलं नव्हतं, मासे सुकवायला जाळी पसरली होती. मी मोबाइलवर दाराचा फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून, मग जवळ धरून बघितला.

"दार छान आहे. पण शाळेला दार नव्हतंच."

"नव्हतंच?"

"नुसती चौकट. पावसाळ्यात बांबूचा तट्टा लावायचे. आम्ही उड्या मारून पळायचो ना तिथून! ताईला कोणी सांगितलं दार होतं म्हणून?"

परतीच्या बोटीत मी आणखीच गोंधळले. ते धाकटे, ते शाळेत जायच्या आधीच दार विकलं गेलं असेल? की काकींनीच दोन आठवणी एकत्र केल्या असतील? आणि हे त्यांना सांगायचं कसं?

सांगावं लागलंच. पुन्हा पावसला गेले तेव्हा काकींनी चहा ठेवायच्या आधीच विचारलं, "काय म्हणाला माझा भाऊ?"

मी जमेल तितकं सौम्य करून सांगितलं. काकी समोर वखारीच्या दाराकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता काका 'बघ, मी सांगत नव्हतो?' म्हणणार.

काका खुर्चीवरून उठले. "त्याला काय कळतंय? तो शेंबडा पोर होता तेव्हा. दार दाभोळचंच आहे. वडिलांनी मचव्यातून रनपारच्या बंदरात उतरवलं. मी स्वतः बघितलंय."

काकी वळल्या. "आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं तू भांडायचीस. बरं वाटायचं."

काकी आत निघून गेल्या. हसत गेल्या की डोळे पुसत, ते त्या पाठमोऱ्या असल्याने मला दिसलं नाही. मी काकांजवळ जाऊन हळूच विचारलं, "खरं सांगा काका. मला नोंद करायचीय."

"खरंच सांगितलं," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे इतक्या सरळ बघितलं की मला त्यातून काहीच वाचता आलं नाही.

'दार अन्य वास्तूतून आणलेले असावे. खात्रीलायक पुरावा नाही,' असं मी लिहिलं. आमच्या साहेबांनी वाचून विचारलं, "म्हणजे नक्की काय?" मी 'माहीत नाही' म्हटलं, तर त्यांना वाटलं मी पुन्हा जाऊन नीट बघून यायला कंटाळतेय.

मी पुन्हा गेलेही. काकी शेजारणीला दार कसं आलं ते सांगत होत्या, आणि मचवा केवढा होता ते मधेमधे काका सांगत होते. मी फीत बाहेर काढलीच नाही.