पिल्लासोबतची चाल

संग्रहालयातल्या खडकावर लांब मानेच्या डायनासोरांच्या पावलांचे ठसे आहेत. परातीएवढ्या ठशांच्या शेजारी ताटलीएवढे. तिथल्या बाई म्हणाल्या, "दोन पावलांमधल्या अंतरावरून वेग कळतो. मोठ्यानं इथं पावलं आखडती घेतलीत. पिल्लू सोबत असावं."

एवढ्यात गुडघा चोळत बायको मागून पोचली. ऐकून म्हणाली, "बघा हो, एवढं मोठं धूड, पण त्याला कळत होतं!"

मी ओशाळलो. लग्नापासून मी हिच्या पुढेच चालत आलोय, वर "आटप" म्हणतो. आमचे ठसे उद्या कुणाला सापडले, तर ही माणसं वेगवेगळ्या दिवशी इथून गेली असंच त्याला वाटेल.

बाहेर पडताना मी तिच्या बरोबरीनं हळूहळू चालू लागलो. तिनं काळजीनं माझ्या कपाळाला हात लावला. "काय हो, बरं वाटत नाहीये का?"