हत्तीच्या पिल्लानं लीद खाल्ली, मार सानिकाला पडला

मंडळी, आज शाळेतून परतले ती मन कडू होऊनच.

मी भोकरला पाचवीला विज्ञान शिकवते. काल सानिकानं विचारलं, "मॅडम, जंगलात हत्तीचं पिल्लू आईची लीद का खातं? मी व्हिडिओत पाहिलं." मी सांगितलं, चारा पचवणारे जंतू त्याला त्यातूनच मिळतात.

तिनं ते घरी जेवताना सांगितलं आणि वडिलांचा मार खाल्ला.

आज ते शाळेत आले. "लेकराला ही घाण शिकवून राहिले का तुम्ही?" मुख्याध्यापकांनी मलाच माफी मागायला लावली. मी मागितली.

नंतर वर्गात विचारलं, "कुणाला काही शंका?" सानिका मान खाली घालून बसली होती. बाकीच्या लेकरांतूनही एकही हात वर आला नाही.

तुमच्या ताटासमोर लेकरानं हेच सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.