मालनताईची काळी एक

मालनताई जाऊन आज सतरा दिवस झाले. तेराव्याच्या संध्याकाळचं वहीत उतरवायचं राहिलं होतं. देवाजवळ दिवा लावून आत्ता बसले आहे.

आमच्या लांज्याच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी बायकांचं भजन असतं. तेवीस वर्षं पुढे मालनताई आणि मागे आम्ही नऊजणी. ती ओळ सोडायची, आम्ही उचलायची. दिवसभर काजूच्या कारखान्यात बिया फोडून ती थेट देवळात यायची. बियांच्या तेलाने बोटं काळी पडलेली, राखेने कितीही घासली तरी काळीच. त्याच बोटांत टाळ. आणि आवाज असा, की रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी बोलावं. जाड, खालचा. नवखा माणूस रस्त्यावरून ऐकून विचारायचा, आज बुवा कुठले आलेत?

सुरुवातीला लोक हसलेच होते. तिच्या आधी येसूबाई पुढे बसायच्या. वय झालं तेव्हा त्यांनीच मालनताईला आपल्या जागी बसवलं. पेटीवर आत्मारामकाका. त्यांनी सवयीने येसूबाईंची उंच पट्टी, काळी पाच, धरली. मालनताईने एक ओळ ओढून बघितली आणि थांबली.

"काका, खाली घ्या."

"अगो, किती खाली? ती बाप्यांची पट्टी झाली."

"मग तीच घ्या. देवान मना ह्योच गला दिलान. कुनाला काय दिलान ता त्याला ठावं हाय."

येसूबाई समोरच बसलेल्या. आता या रागावणार, असं आम्हाला वाटलं. पण पहिली टाळी त्यांचीच पडली.

तेव्हापासून काकांनी बाप्यांची ती काळी एक सोडली नाही. आमचे गळे खाली उतरायला वर्ष गेलं. माझा तर उतरलाच नाही. माझा आवाज पातळ, मी मागे बसून नुसते ओठ हलवायचे. देवाला चालतं, असं मनाशी म्हणायचे. मालनताईला चालायचं नाही. भजन संपलं की बत्तासे वाटताना हळूच विचारायची, "वैनी, तुमी गाताव का जप करताव?"

गेल्या महिन्यात दवाखान्यात भेटले तेव्हा तिला दम पुरत नव्हता. माझा हात धरून म्हणाली, "तेराव्याला कोनी रडायचा नाय. माजी गौळण म्हना. नि पुढं तुमी बसा."

"मी? अगो, माझा आवाज तरी कुणी ऐकलाय?"

"म्हनून तर. गुरवार मोडू नका, वैनी. मोडला तर परत जुळत नाय."

मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? हो म्हणून आले.

तेराव्याला तिच्या अंगणात बसलो. तिच्या सुनेने, मृणालीने, तिचे टाळ आणून माझ्या हातात दिले. काकांनी भाता उघडला आणि बोट आपसूक काळी एकवर गेलं. मी गौळण सुरू केली. पहिली ओळ कशीबशी निघाली, दुसरीला नुसता वारा आला. तिसरी आलीच नाही. मागून कुणाचा तरी हुंदका आला. मला वाटलं, झालं, आज मालनताईबरोबर भजनाचंही तेरावं.

काका सूर धरून मान खाली घालून बसले होते. पट्टी बदला म्हणू तरी कशी? तिचं घर, समोर हार घातलेला तिचा फोटो, आणि तिचीच पट्टी सोडायची? दत्तगुरूंचं नाव घेतलं. मग येसूबाईंची ती टाळी आठवली.

"काका, काळी पाच घ्या."

काकांनी वर बघितलं. "नक्की ना, वहिनी?"

"काय करणार? देवान मना ह्योच गला दिलान."

मृणाली रडता रडता फस्सकन हसली. काकांनी बोट सरकवलं. मी ओळ सोडली आणि ती निघाली, पातळच, पण पूर्ण. मागच्या बायका मात्र तेवीस वर्षांच्या सवयीने थेट खाली गेल्या. वर मी एकटी, खाली त्या सगळ्या.

"अगो वर या, वर," काका पेटीवरून ओरडले. "तिकडे तळाशी आता कोण बसलाय तुमचा?"

"मालनताय बसलीय," मागून उत्तर आलं आणि सगळं अंगण हसलं. तिसऱ्या कडव्याला एकेक करत सगळ्या वर आल्या.

काल गुरुवार होता. आठीजणी आल्या, एकही चुकली नाही. मी पुढे बसले. काकांनी पेटी उघडली, भाता सोडवला आणि माझ्याकडे बघत थांबले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला पट्टी विचारली.