विश्वाच्या आधीचा हम

कार्यक्रम सुरू होऊन वीस सेकंदही झाले नव्हते. मालवणजवळच्या एका गावात, चर्चच्या हॉलमध्ये सगळे गप्प बसले होते. मागून आमचा ऑपरेटर बबन ओरडला, "दादानू, हम मारता हा! थांबा, काढतंय!"

साउंडची जबाबदारी माझी होती.

हम म्हणजे अर्थिंग बिघडलं की स्पीकरमधून येणारी घुरघुर. बबन वीस वर्षं दशावताराला आणि भजनाच्या बाऱ्यांना साउंड देतो. हम त्याचा जन्माचा वैरी. पण इथे ती घुरघुर हेच संगीत होतं. सावियो या तरुण वादकाने विश्वाच्या उत्पत्तीवर वादन बसवलं होतं. कीबोर्डवर चार मिनिटं एकच खर्ज, मग महास्फोट, मग दोन घुमटं, म्हणजे मातीची तालवाद्यं. पहिल्या रांगेत त्याचे वडील पास्कू बसले होते. चाळीस वर्षं चर्चमध्ये व्हायोलिन वाजवलेला माणूस. मुलाच्या संगीताला ते 'मिक्सरचो आवाज' म्हणायचे. मोठ्या मिनतवारीने एकदाच ऐकायला आले होते.

सकाळी मी सावियोला म्हटलं होतं, "आधी लोकांना दोन शब्द सांग."

"सर, विश्व सुरू झालं तेव्हा कोणी निवेदन केलं होतं?"

घ्या! मग बबनला सांगितलं, "सुरुवातीला लो फ्रिक्वेन्सी ड्रोन आहे. लेव्हल धरून ठेव." ड्रोन म्हणजे तोच लांबलेला खर्ज. त्याने मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावण्यात आमच्या लायनीचा कोणी हात धरणार नाही.

आणि आता हॉलमधला खर्ज बंद झाला. लोकांनी हुश्श केलं. सावियोचे डोळे मिटलेले, कानांवर हेडफोन. त्याला सगळं ऐकू येत होतं, हॉलमध्ये मात्र शांतता. मी स्टेजवरून मागे साउंडच्या मिक्सरकडे निघालो, तर मधल्या वाटेतही खुर्च्या. प्रत्येक मावशी सावकाश उठणार, साडी सावरणार आणि विचारणार, "खंय चललात ओ?" पोचायला तीन-साडेतीन मिनिटं गेली, तरी बबन अजून कीबोर्डची वायर काढून तिची पिन शर्टाला पुसत होता.

"घाल ती आत!" मी किंचाळलो, आणि हिसकावून मीच घातली.

वायर घालण्याआधी लेव्हल खाली आणायची असते. नवशिक्यांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवतो. नेमका त्याच क्षणी महास्फोट झाला. एक स्पीकर जागीच गेला. दोन पोरं भोकाड पसरून रडायला लागली.

संपल्यावर सावियो माझ्या अंगावरच आला. "सर, माझी चार मिनिटं कुठे गेली?"

तेवढ्यात पास्कू आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज माका कळला रे तुझा. आधी कायच नव्हता. मगे एकदम सगळा झाला."

सावियो नुसता डोळे पुसत राहिला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

बबनला 'हा हम काढू नको' एवढंच सांगायला हवं होतं. बावीस वर्षांच्या अनुभवात मला तेवढं सुचलं नाही.

आता ती चार मिनिटं सावियो मुद्दाम बंदच ठेवतो. पुढचा कार्यक्रम पणजीला झाला. साउंडला त्याने बबनला नेलं.