ताटली घेऊन जबलपूरला

नागपूरहून जबलपूरची बस सुटली तेव्हा माझ्या पिशवीच्या तळाशी एक पितळी ताटली होती आणि डोक्यात एकच विचार होता: कळंब नसो म्हणजे झालं.

सांगते. माझ्या ताईचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा तिला फार आवडला होता, पण हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. सुपारी फोडायच्या आधी मुलाच्या आत्यानं विचारलं, "तुमचं देवक कोणतं?" देवक म्हणजे लग्नात ज्याची डहाळी पुजतात ते कुळाचं झाड. दोन्हीकडचं देवक एकच निघालं, तर मुलगा-मुलगी भावंडं मानतात आणि लग्न मोडतं. त्यांचं कळंब. आमचं कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या आबांचा, म्हणजे आजोबांचा, जन्म जबलपूरचा. ते अगदी लहान असताना त्यांचे वडील वारले आणि आई त्यांना घेऊन आर्वीजवळ माहेरी आली. तेव्हापासून आम्ही आबांच्या मामांचं बघून आंब्याची डहाळी पुजत आलो.

जबलपूरला आबांच्या चुलतभावाचा मुलगा राहतो, आम्ही त्यांना काका म्हणतो. ते फोनवर म्हणाले, "मला नाही माहीत बेटा. पनागरच्या बुआला असेल. पण तिला फोनवर ऐकू येत नाही. आ जाओ!"

बाबांची हरभऱ्याची सोंगणी चालू होती. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून मला हिंदी येतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. निघताना आबांनी ताटली हातात दिली. "जिथं जेवशील तिथं याच्यातच जेव." आबा गावजेवणालाही ती काखेत मारून जातात आणि लोक त्यांची थट्टा करतात. मी हो म्हटलं आणि ताटली कपड्यांखाली सारली.

शिवनीच्या आसपास जंगल लागलं. फाल्गुन असल्यामुळे पळस नुसता पेटला होता. मी खिडकीतून भरपूर फोटो काढले, सगळे हललेले आले. शिवनीला बस थांबली तेव्हा पानाच्या द्रोणात गरम मंगोडे (मुगाच्या डाळीची भजी) खाल्ले. बरगी मागे पडलं आणि नर्मदेचा पूल आला, तशी अख्खी बस "नर्मदे हर" म्हणाली. शेजारच्या बाईंनी माझ्या हातात एक नाणं ठेवलं. "फेंको बेटा, और कुछ माँग लो." मी नाणं फेकलं आणि मनात म्हटलं, कळंब नको.

काकांच्या अंगणात शिरले आणि पाय थबकले. दारातच मोठं झाड, बुंध्याला लाल धागा, खाली हळदीकुंकू.

"काकू, हे कोणतं झाड?"

"कदंब. तुमच्याकडे कळंब म्हणतात ना?"

माझा चेहरा बघून काकू हसायला लागल्या. "अगं, घाबरून काहून राहिली? धागा बाजूच्या भाभींनी बांधला. त्यांचं व्रत असते."

"मग आपलं काय?"

"वो तो बुआच सांगेल. चलो, आधी चहा घे."

संध्याकाळी काका मला बडा फुहाऱ्याच्या बाजारात घेऊन गेले. कापडाची दुकानं एकाला एक लागून आणि मध्ये माणसांची गर्दी. खव्याची जिलबी मिळाली, काळपट, मऊ, पाकात बुडालेली, तीही द्रोणात. ती एक खाल्ली की जेवण नको होतं, हे मला दुसरी खाल्ल्यावर कळलं. एका दुकानात डाळिंबी साडीवर माझी नजर अडकली. दुकानदार म्हणाला, "दीदी, शादी किसकी है?" मी म्हटलं, "अभी पक्की नहीं है," आणि साडीवरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच पनागर गावी. रस्त्याला दोन्ही बाजूंनी मटारची आणि भाजीची शेतं. बुआ म्हणजे आबांची चुलत बहीण, एवढीशी, पण आवाज खणखणीत. मी तिच्या कानाशी ओरडले, "बुआजी, आपलं देवक काय?"

"देवक-बिवक मले नाही माहीत बापा," ती म्हणाली. "चाल, शेजारी भंडारा आहे. भूक लागून राहिली."

एवढ्या लांब येऊन हे उत्तर! ताईला काय सांगायचं, या विचारात मी पंगतीत बसले. समोर पत्रावळ आली, पुरी वाढली. मी घास मोडणार तोच बुआनं माझा हात धरला.

"ए पोरी! थाळी कुठं आहे तुही? छेवल्याच्या (पळसाच्या) पानावर जेवत नाहीत आपल्यात."

"काहून?"

"काहून म्हणजे? लग्नात त्याचीच तर डहाळी पुजतो आपण. अन् तू त्याच्यावर पुरी खाते?"

तिला शब्द ठाऊक नव्हता, बाकी सगळं ठाऊक होतं. मग मंगोडे आठवले. जिलबी आठवली. ते द्रोणही पळसाचेच. मी मुकाट्यानं पिशवीच्या तळातून ताटली काढली.

"ही कोणाची?"

"आबांची. ते यातच जेवतात."

बुआ ताटलीवरून बोट फिरवत राहिली. "अच्छा," ती हळूच म्हणाली. "एवढासा होता. तरी सोडलं नाही त्यानं."

पंगत उठल्यावर ताईला फोन लावला. "कळंब नाही. पळस!" पलीकडे ती हसतेय की रडतेय ते कळेना. परतताना बडा फुहाऱ्याला उतरून मी डाळिंबी साडी घेतली.

शिवनीला पुन्हा मंगोडे घेतले. मी ताटली पुढे केली, तर विकणारा म्हणाला, "दीदी, घर का बर्तन साथ लेके घूमती हो?"

"हाँ भैया," मी म्हटलं. लाज वाटली, पण थोडीच. बाहेर पळस तसाच होता. या वेळी फोटो काढले नाहीत, नुसता नमस्कार केला.

घरी आबांना सगळं सांगितलं. मी इतक्या लांब जे शोधायला गेले ते आमच्या घरात रोज घासून पालथं पडत होतं. आबा म्हणाले, "आई पानावर जेवू देत नव्हती. मले वाटे, मी सांडतो म्हणून."

त्यांनी ताटली उलटसुलट करून पाहिली. "जेवली ना याच्यात?"

"शेवटी शेवटी," मी म्हटलं.