ठकूआजीचा उन्हाळा

कंपनीतले किस्से सांगायला बसलो की आमची ही उठून आत जाते. तिनं ते सगळे ऐकलेत, आणि दर वेळी मी तिखटमीठ लावतो असं तिचं म्हणणं! आता मी तरी काय करू? धरणात दर पावसाळ्याला गाळ येतो. बोलवत कुणी नाही, पण येतो आणि बसतो. ह्या किश्श्यांचं तसंच झालंय.

मी मुळशी धरणावर, वीज कंपनीच्या लागवड खात्यात मेस्त्री होतो. नोकरी विजेच्या कंपनीत, पण तारेला कधी हात लावला नाही. जन्मभर रोपं वाढवली. धरण होऊन तीसेक वर्षं झाली तेव्हा कंपनीच्या ध्यानात आलं, की डोंगर बोडके झालेत, माती तळ्यात येतेय, मासळी संपलीय. मग ते निस्तरायला आमचं खातं काढलं. लेलेसाहेब आमचे मुख्य. पुण्याचे, सरळ मनाचे, आणि उन्हात टोपी घालूनही लालबुंद होणारे.

आमच्या रोपवाटिकेत टोपल्यांत माती भरायला ठकूआजी होती. सत्तरीची बाई, पण जीभ अशी की मुकादम लांबून वळसा घालून जायचा. तिचं गाव धरणात गेलेलं. पाणी चढलं तसे हे लोक वर टेकाडावर येऊन राहिले.

पहिल्याच दिवशी साहेब सगळ्यांना गोळा करून समजावत होते. "झाडं लावली की मुळं माती धरून ठेवतात. मग पावसात माती खाली तळ्यात जात नाही. कळलं ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. ठकूआजी म्हणाली, "सायबा, माती घरला निघालीया. तिचंबी गाव खालीच हाय की! तिला कशापायी आडवतुयास?"

बायका फिदीफिदी हसल्या. साहेबही हसले, आणि मग एकदम हसायचे थांबले. त्यानंतर चार दिवस ते रोपवाटिकेकडे फिरकले नाहीत.

*

आता ह्या बुडालेल्या गावांचा एक रिवाज सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

होळी झाली की तळ्याचं पाणी उतरायला लागायचं. वैशाखापर्यंत जुनं गाव उघडं पडायचं. घरांची जोती, उखळं, देवळाचा चौथरा, आणि ओढ्याकाठचा मसणवटा. त्या दिवसांत कुणी गेलं तर त्याला खाली नेऊन त्याच्या जुन्या मसणवट्यात अग्नी द्यायचे. पावसाळ्यात गेलं, तर वर माळावर कुठंतरी. म्हणून ह्या लोकांत "उन्हाळ्यात गेला" म्हणजे नशीबवान माणूस! ठकूआजीचा मालक उन्हाळ्यात गेला होता. आपणही त्याच्याशेजारी जावं, एवढंच तिचं मागणं. दुसरं काही नाही.

एका आषाढात म्हातारी तापानं फणफणली. छाती भात्यासारखी वाजत होती. कंपनीचा डॉक्टर आला, बाहेर येऊन लेकाला, कोंडिबाला, हळूच म्हणाला, "दोन दिवस जातील असं वाटत नाही."

आतून आवाज आला, "कोन जातंय? ह्या चिखलात? पानी हाय अजून समदीकडं! डाक्टर, तू शिमग्यानंतर ये, मग बघू!"

आणि नागपंचमीला ही बाई उठून वाटिकेत हजर! डॉक्टर त्यानंतर ठकूआजी दिसली की नमस्कारच करायचा.

*

कोंडिबा आमचा राखणदार. स्वभावानं आईच्या अगदी उलट. दिवसाला दहा शब्द बोलेल तर शपथ. पूर्वी तळ्यावरच्या उतारावर तो नाचणी करायचा. मग कंपनीनं उतार लागवडीखाली घेतला आणि त्यालाच तिथं राखणीला ठेवला. आपल्याच शेतावर पहारा करायचा, आपल्याच भाऊबंदांची गुरं धरून कोंडवाड्यात घालायची. लोक त्याच्याशी बोलेनासे झाले.

एकदा त्यानं कोंडवाड्यात म्हैस आणली ती त्याच्या स्वतःच्या गोठ्यातली! त्याची बायको, हिरा, तरातरा आली.

"आवं, डोळं फुटलं का तुमचं? आपली म्हस वळखली न्हाई?"

"वळखली," कोंडिबा म्हणाला. "म्हून तर पयली तीच धरली."

त्या दिवसापासून गावानं त्याला पुन्हा तंबाखू द्यायला सुरुवात केली. हिरानं मात्र आठ दिवस त्याला कोरडी भाकरी वाढली. दूध नाही, ताक नाही, कोरड्यासही नाही! बरोबरच होतं तिचं.

*

दिव्याचाही एक किस्सा आहे. मुंबईहून पाहुणे आले होते. त्यातल्या एका बाईंनी ठकूआजीला विचारलं, "आजी, तुमच्या पाण्यावर आमची सगळी मुंबई उजळते, माहीत आहे का?"

"व्हय का?" आजी कौतुकानं म्हणाली. "मग तितनं आमचं घर दिसतंय का वो कुनाला?"

आजीच्या घरात तेव्हा रॉकेलची चिमणी होती. वाडीत एकाही घरात वीज नव्हती. बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

*

मग मासळीचं खूळ आलं. खूळ म्हणतो, पण काम चांगलं होतं. पत्र्याच्या डब्यांतून माशांची पिल्लं आली, नखाएवढी. दिवसभर ट्रकमध्ये डुचमळून अर्धमेली झालेली. ती तळ्यात सोडायची होती. साहेबांना वाटलं, ओतायची आणि घरी जायचं. बायका कसल्या ऐकतात! एवढी लेकरं नांदायला निघालीत, मग पाण्याची ओटी नको भरायला? हळदकुंकू आलं, खण आला, नारळ आला. आमचे साहेब टोपी काढून उभे!

ठकूआजी विधवा असली तरी सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून ओटीचं ताट तिच्यापुढं केलं. तिनं हात मागं घेतला.

"ह्यानं माझं घर गिळलं, चुलीसकट. माझा गोठा गिळला. मी न्हाई भरायची त्याची वटी."

 शेवटी हिरानं पुढं होऊन ओटी भरली. पण एक सांगतो, पिल्लं सोडली तेव्हा म्हातारी मान उंच करकरून बघत होती. चार डब्यांतली तर तिनंच आपल्या हातानं हलकेच सोडली. "जावा बाबांनो, दमला असाल," असं म्हणत होती.

*

आणि ती मासळीच तिच्या मुळावर आली.

दोन-तीन वर्षांत मासे तळ्यात जम धरायला लागले होते. पण उन्हाळ्यात तळं पार खाली गेलं की डबक्यांत अडकून तडफडून मरायचे. साहेबांनी वर भांडून भांडून हुकूम आणला, की इथून पुढं उन्हाळ्यात तळं तळाला न्यायचं नाही. माशांपुरतं, काठच्या गुरांपुरतं पाणी राखायचं. हुकूम चांगला होता. मी नावं ठेवणार नाही. आमच्यासारख्या खात्याला मान मिळाला म्हणून आम्ही पेढे वाटले.

पेढा तोंडात असतानाच कोंडिबानं मला विचारलं, "मेस्त्री, मंग मसनवटा?"

 राखलेलं पाणी बरोबर त्याच्यावर उभं राहणार होतं. साहेबांना सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. ध्यानात यावं असं कुठल्या नकाशावर लिहिलेलंही नव्हतं. पुन्हा वर विचारून पाहिलं. वरचे म्हणाले, एका म्हातारीसाठी का धरण रिकामं करायचं?

तेव्हा आजी अंथरुणाला खिळली होती. फाल्गुन लागला होता. ती रोज हिराला विचारायची, "देवळाचा चौथरा दिसाया लागला का गं?" हिरा काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. शेवटी साहेब म्हणाले, "मीच सांगतो. माझ्यामुळे झालंय." मी बरोबर गेलो. साहेब शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, काही न लपवता.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मासं मोठं झालं का रं?"

"होतायत, आजी."

"बरं झालं. माझ्या गावात कुनीतरी ऱ्हातंय म्हनायचं."

परत येताना साहेब टोपी हातातच धरून उन्हातून चालले होते. मला तर वाटेत रडू फुटलं. खोटं कशाला सांगू?

*

ठकूआजी वैशाखातच गेली. ठरवल्याप्रमाणे, भर उन्हाळ्यात.

घरटी एकेक लाकूड आलं. बाप्ये सगळे आले, ज्यांची गुरं कोंडिबानं कोंडवाड्यात घातली होती तेही. साहेबांनी अनवाणी येऊन खांदा दिला. आम्हाला वाटलं होतं, वर माळावर न्यायचं. पण कोंडिबा पुढं मडकं धरून निघाला तो खाली उतरायला लागला, जुन्या गावाच्या वाटेनं. कुणी अडवलं नाही. वाट थेट पाण्यात जात होती. पाण्याच्या काठाशी तो थांबला आणि म्हणाला, "हितं इसावा."

विसावा म्हणजे, मसणवट्याच्या अर्ध्या वाटेवर तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात, आणि मग पुढं जातात. आम्ही तिरडी टेकवली. खांदेकरी बदलले. आणि सगळे पाण्याकडं तोंड करून नुसते उभे राहिलो. पुढं जायला वाट नव्हती.

मग तिथंच, त्या विसाव्याच्या जागी, लाकडं रचली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायची. साहेबांनी कंपनीची जीप पाठवली, अस्थी आळंदीला नेता याव्यात म्हणून. मी जीप घेऊन दारात गेलो, तर कोंडिबा राखणीची काठी घेऊन कामावर निघालेला.

"अरे, सावडायचं नाही का?" मी म्हणालो. "साहेबांनी गाडी दिलीय."

"सायबास्नी सांगा, गाडी नगं," कोंडिबा म्हणाला. "आई इसाव्याला बसलीया. पावसाळा आला की पानीच येईल तिला न्यायाला."