कीबोर्डवर सोडलेली वाफ

मित्रांनो, माझ्या कीबोर्डच्या तीन पट्ट्या वाजत नव्हत्या, म्हणून आज तो दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्या काकांनी तो उघडून आत बोट फिरवलं, तर बोटाला चिकट थर लागला.

"सिगारेट ओढतोस का रे?"

"नाही काका. आमच्या बँडचा गायक शेजारी उभा राहून व्हेप, म्हणजे ती ई-सिगारेट, ओढतो."

कीबोर्ड साफ करून घेतला आणि तसाच धायरीला सरावाला गेलो. गायकाला म्हणालो, "आजपासून बाहेर जाऊन ओढ."

"अरे, नुसती वाफ आहे. तुझं यंत्र काय खोकतंय का?"

सगळे हसले. मग त्यानं कीबोर्डला हात लावून नमस्कार केला आणि त्यावरच वाफ सोडली.

मी कीबोर्ड उचलून निघून आलो. आत्ता बँडच्या ग्रुपवर निरोप आलाय, शनिवारचा कार्यक्रम ते माझ्याऐवजी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर करणार आहेत.

माझ्या जागी तुम्ही थांबला असता का?